आठ घरांची विश्रांती

उर्वशी मुनेश्वर सलग दहा मिनिटं एका जागी बसली, असं पांढरकवड्यात कोणी शपथेवर सांगणार नाही. स्वतःच्या लग्नात ती दोनदा खुर्चीवरून उठली होती आणि मंडपवाल्याला पंख्याचं तोंड फिरवायला सांगून आली होती. ते लग्न वणीला झालं आणि दोन वर्षांत संपलं. कोणाचं फार काही चुकलं नव्हतं. सासू एवढंच म्हणाली होती, "ही पोरगी घरात राहते का घरातून जाते, तेच समजत नाई." त्याआधी तिनं नर्सिंगचा कोर्स अर्ध्यात सोडला होता, डी.एड. पूर्ण केलं होतं पण नोकरी लागली नव्हती, आणि एका शिकवणी वर्गात वर्षभर गणित शिकवलं होतं. आता वय सदतीस. बसस्टँडमागच्या एका प्रेसमध्ये ती लग्नपत्रिका, बिलबुकं आणि फ्लेक्स कॉम्प्युटरवर जुळवते. बोटं कीबोर्डवर असतात आणि टेबलाखाली उजवा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत असतो.

तिला खुर्चीला धरून ठेवणारं काम एकच, आणि ते तिच्याकडे वडिलांकडून आलं.

नागोराव मुनेश्वर अठ्ठावीस वर्षं राखीव पोलीस दलाच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं आखूड पितळी वाद्य, वाजवत होते. केळापूरजवळच्या गावातला मॅट्रिक पास मुलगा तिथं जाऊन इंग्रजी पद्धतीची स्वरलिपी शिकला: पाच आडव्या रेघा, त्यांच्यावर काळे-पांढरे गोळे, आणि दर चार ठोक्यांनंतर एक उभी रेघ. दोन उभ्या रेघांमधल्या जागेला बँडवाले बार म्हणतात. नागोराव रिटायर होऊन घरी आले आणि दिवसभर बार-बार करू लागले, तेव्हा कौसल्याबाईंनी त्यांना बजावलं, "शेजारपाजारचे काय समजतील? दुसरा शब्द पहा काही." तेव्हापासून त्यांच्या घरात बारला घर म्हणतात. हळूहळू गावातले बँडवालेही घर म्हणू लागले.

नागोरावांच्या हातच्या नोटेशनची कीर्ती घाटंजीपर्यंत होती. शाळांचे बँड आणि जयंतीचे बँड त्यांच्याकडून कागद लिहून न्यायचे. मग त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. गोळा रेघेवर काढायला जावं, तर तो दोन रेघांच्या मधे पडायचा, आणि स्वरलिपीत त्याचा अर्थ दुसरा सूर. सहा वर्षांपूर्वी त्यांनी पेन ठेवून दिलं. प्रेसमध्ये काम करणाऱ्या मुलीला मग वाटलं, पत्रिका जुळवता येते तर हे का येणार नाही. तिनं नोटेशनचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवलं आणि तीन रविवार खर्चून वडिलांची एक जुनी धून त्यात भरली. छापलेलं पान त्यांच्यापुढे ठेवलं.

नागोरावांनी ते बराच वेळ पाहिलं. "सूर बरोबर हायेत," ते म्हणाले. "पन हे वाजवता येनार नाई."

"काहून?"

"वाजवनाऱ्याची नजर त्याच्या तोंडाच्या दोन घरं पुढं चालते. ओळ अशी मधातच तुटली का नजर पडते, आन् मागून मानूस पडते."

तिनं पान पुन्हा पाहिलं आणि तिला दिसलं. सॉफ्टवेअर कागद संपेपर्यंत घरं कोंबत जात होतं. ज्या घरात सूर जास्त ते रुंद, ज्यात एकच लांब सूर ते चिंचोळं. कागद संपला की ओळ तुटायची, मग धुनेचं वाक्य तिथं संपो की न संपो. शेवटच्या ओळीत एकच घर उरलं होतं आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलं होतं, पंगतीत एकट्या पाहुण्यानं चार पाटांवर मांडी पसरावी तसं. मग ती शिकली. उभ्या रेघेवर क्लिक करून एंटर दाबलं की ओळ तिथंच तुटते. महिरपी कंसाची बटणं दाबली की घर थोडं थोडं रुंद किंवा अरुंद होतं. श्वास जिथं घ्यायचा तिथं ओळ संपवायची आणि बोटांची धावपळ जिथं आहे तिथं जागा सोडायची. एका घराला दोन केसांएवढी जागा दिली की चार ओळींखालचं एखादं घर उडी मारून पुढच्या ओळीत जायचं, आणि ते परत आणावं लागायचं. हा लपंडाव तिला आवडला. दोन-दोन तास ती उठायची नाही. पाय मात्र हलत राहायचा.

मागच्या वर्षी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी नागोरावांची स्वतःची मार्चची धून वाजवायची ठरली. ती त्यांच्या डोक्यात नोकरीपासून होती, पूर्ण रिटायर झाल्यावर केली होती, आणि आजवर कोणी वाजवली नव्हती. वाजवणार होता गुलशन बँड. त्याचा मालक परवेज, हायवेवर बॅटऱ्यांचं दुकान असलेला चाळिशीचा माणूस. बँडमध्ये सोळा जण. त्यातले सर्वांत जुने त्याचे चुलते, वाहिदचाचा.

वाहिदचाचा ट्रकांच्या गळक्या रेडिएटरांना डाग द्यायचे आणि लग्नसराईत युफोनियम वाजवायचे. पोटाशी धरायचं ते जाडजूड पितळी वाद्य, ज्याचा आवाज माणूस छातीतून गुणगुणल्यासारखा येतो. चाळीस वर्षं ते कानावर वाजवत आले होते. एकसष्टाव्या वर्षी ते नागोरावांच्या ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, मले कागद वाचाले शिकवा." दोन हिवाळे ते शिकले. पहिली ओळ न अडखळता वाचली त्या दिवशी त्यांनी मुनेश्वरांच्या घरी बालुशाही आणली होती.

धुनेच्या मधोमध एक जागा होती. तिथं युफोनियम आठ घरं गप्प राहतो. कॉर्नेट आणि ड्रम तेवढे चालतात. आणि मग युफोनियम आत शिरतो आणि सगळी धून आपल्या खांद्यावर घेतो. नागोरावांनी ती जागा वाहिदचाचांचा आवाज डोक्यात ठेवून लिहिली होती. कागदावर आठ रिकामी घरं कोणी काढत नाही. एकच जाड आडवी पट्टी काढून वर आठचा आकडा लिहितात. म्हणजे आठ घरं मोज आणि ये.

मार्चच्या अखेरीस उर्वशीनं सोळा जणांचे सोळा कागद काढले. चालता चालता वाजवायचं म्हणून कागद वाद्यावरच्या चिमट्यात अडकवतात, त्यामुळे पान वहीच्या अर्ध्या पानाएवढं हवं. प्रेसमध्ये पत्रिकांची गर्दी होती. तिनं दुपारच्या सुट्टीत पानाचा आकार बदलला, झेरॉक्स काढल्या आणि परवेजच्या दुकानात गठ्ठा देऊन आली.

तालीम कापसाच्या जुन्या जिनिंगच्या आवारात व्हायची, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर. परवेजनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मास्तरची धून हाये. कोनी कानावर नाई वाजवनार. कागदावर जे हाये तेच."

पहिल्या दिवशी वाहिदचाचा त्या जागी लवकर आले. कॉर्नेटची धून चालूच होती आणि युफोनियम मधे घुसला. सगळे हसले, ते स्वतःही हसले. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. चौथ्या दिवशी परवेजनं हात वर करून बँड थांबवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चाचा, तुमी बसा आता. नाई जमून राह्यलं." दुसऱ्या दिवशी घाटंजीहून शंकरसिंग नावाच्या युफोनियमवाल्याला बोलावलं. त्याला कागद वाचता येत नव्हता, पण परवेजनं सगळ्या वाद्यांच्या मोठ्या पानावरून त्याचा भाग आपल्या कॉर्नेटवर वाजवून मोबाईलवर दिला, आणि त्यानं तो एका संध्याकाळीत उचलला.

उर्वशीनं हे घरी सांगितलं ते उभ्यानंच, पाण्याचा तांब्या हातात घेऊन.

नागोराव खाटेवर होते. "तो कितीक आधी येत होता?"

"तीन घरं."

"बरोबर तीन?"

"हो. परवेजभाई म्हने, घड्याळ लावल्यासारखे तीन घरं आधी."

"चारही दिवस?"

"चारही दिवस."

नागोरावांनी थरथरता हात दुसऱ्या हातानं दाबून धरला. "चुकनारा मानूस रोज वेगळा चुकते, बाई. रोज एकच चुकत असन तर तो वाचून राह्यला. त्याचा कागद पाह्य."

तांब्या तिथंच ठेवून तिनं लॅपटॉप उघडला. तिला कागद पाहायच्या आधीच आठवलं. सोळा कागदांतले चौदा तिनं एकेक करून तपासले होते. पंधरावा, युफोनियमचा, उघडला होता, आणि तेव्हा नळ आला की काय ते पाहायला ती उठली होती. परत आल्यावर उरलेले दोन न पाहताच छापायला नेले.

कागदावर आठचा आकडा नव्हता. सगळ्या वाद्यांच्या मोठ्या पानावर तिनं त्या आठ घरांतल्या पाचव्यानंतर ओळ तोडली होती, कॉर्नेटवाल्याला तिथं श्वास घ्यायचा म्हणून. सॉफ्टवेअरनं प्रत्येकाचा वेगळा कागद काढताना ती तोड सगळीकडे तशीच नेली. कॉर्नेटच्या कागदावर ती बरोबर होती. युफोनियमच्या कागदावर आठाची विश्रांती फुटून ओळीच्या शेवटी पाच आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला तीन झाली होती. त्यात पान लहान केलेलं. ते तीनचं घर खुणांच्या गर्दीत दबून नखाएवढं झालं होतं, आणि झेरॉक्समध्ये त्याचा निव्वळ ठिपका उरला होता. वाहिदचाचांनी पाच मोजले होते आणि कागदानं सांगितलं तिथं ते आले होते.

"काय निंघालं?" नागोरावांनी विचारलं.

"पाहून राह्यली," ती म्हणाली आणि लॅपटॉप बंद केला.

पुढचे दोन दिवस तिनं काय केलं ते तिलाही नीट सांगता येणार नाही. प्रेसमध्ये एका पत्रिकेवर मुलाच्या मामाचं नाव मुलीकडे छापलं. घरी डब्यांवरचा कागद बदलला, कूलर धुतला, नको असलेले मेसेज पुसले. तालमीच्या वेळी जिनिंगवरून दोनदा गेली आणि आत गेली नाही. भिंतीपलीकडून शंकरसिंग बरोबर जागी येताना ऐकू येत होता. म्हणजे काम अडलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं नाही तर कोणाला कळणारही नव्हतं, आणि हेच तिला बसू देत नव्हतं. नागोरावांनी पुन्हा विचारलं नाही. ते तिच्या येण्याजाण्याकडे पाहत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती वाहिदचाचांच्या टपरीवर गेली. त्यांच्यापुढे एक रेडिएटर आडवा होता आणि हातात डाग द्यायचा पेटता दिवा. ती बाकावर बसली नाही. उभ्यानं तिनं सगळं सांगितलं, पाच आणि तीन, लहान केलेलं पान, न तपासलेला कागद. बोलताना ती टपरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत चालत होती.

चाचांनी आधी हातातला डाग पुरा केला. मग दिवा विझवला, हात पुसले आणि शर्टाच्या खिशातून तोच कागद काढला. चार घड्या पडलेल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी तो उजेडात धरला.

"हे तीन हाये?"

"हो."

"मले वाटलं झेरॉक्सवाल्याचा डाग हाये." ते कागदाकडे पाहतच राहिले. "बेटा, माझा कान मले सांगत होता का थांब, आजून जागा नाई आली. कागद म्हने, ये. मी म्हटलं, कान माझा अडानी, कागद मास्तरच्या घरचा. कागदाचं ऐकलं."

उर्वशी खांबाशी थांबली.

"तुह्या चाचीले, हुस्नाबीले, मी सांगतलं का आता डोकं काम करत नाई. वाद्य कपड्यात बांधून माळ्यावर टाकलं." त्यांनी चष्मा काढला. "परवेजनं मले सोळा जनांसमोर बसवलं. आन् तू मले एकट्याले येऊन सांगून राह्यली."

हे ते शांतपणे म्हणाले. मग त्यांनी दिवा पुन्हा पेटवला.

त्याच दुपारी तिनं युफोनियमचा कागद नव्यानं जुळवला. आधी ती पाचवरची तोड काढली. पाच आणि तीन एकमेकांत मिसळून पुन्हा आठ झाले. मग आठाच्या पट्टीनंतर ओळ तोडली, म्हणजे चाचांचा पहिला सूर नव्या ओळीच्या अगदी सुरुवातीला, डाव्या कडेला, नजर आपोआप पडते तिथं येईल. पट्टी चांगली रुंद केली. पट्टीच्या शेवटी कॉर्नेटचे शेवटचे चार सूर बारीक आकारात टाकले, हे ऐकू आले की आपण, म्हणून. ओळीत चारच्या वर घर नाही. एका पानात बसेना, तर चिमट्यात दुमडता येईल असं दुप्पट पान केलं. झेरॉक्स न काढता प्रेसच्या प्रिंटरवर जाड कागदावर छापलं, आणि छापल्यावर पेन्सिलनं प्रत्येक घरावर टिंब देत मोजलं. मग बाकीचे पंधराही तसेच मोजले. क्लॅरिनेटच्या एका कागदात आणखी एक बारीक गफलत निघाली.

संध्याकाळी ती जिनिंगच्या आवारात गेली. बँड जमला होता. वाहिदचाचा नव्हते. तिनं परवेजला बाजूला घेतलं नाही.

"मले एक सांगायचं हाये," ती म्हणाली. "चाचा चुकत नव्हते. त्यायच्या कागदावर आठाच्या जागी पाच होते. ती चूक माझी हाये. मी तो कागद तपासला नव्हता."

ड्रमवाल्यानं काठी ड्रमवर टेकवली. परवेज कपाळाला आठ्या घालून पाहत होता. "आन् मले आज कळून राह्यलं? धा दिवस राहिले."

"मले दोन दिवस झाले समजून. बोलली नाई."

"काहून?"

"भेव वाटला."

शंकरसिंग, पोटाशी युफोनियम धरून, म्हणाला, "मी परत जाऊ का मग?" त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. परवेज म्हणाला, "थांब रे. दोन युफोनियम जड नाई होत मिरवनुकीले." मग उर्वशीकडे न पाहता त्यानं मोटरसायकल काढली आणि चुलत्याच्या घराकडे गेला.

तासाभरानं चाचा आले. परवेजनं घरी काय सांगितलं ते त्या दोघांनाच ठाऊक. वाद्य कपड्यातून निघालं, त्यावर माळ्याची धूळ होती. उर्वशीनं नवा कागद चिमट्यात अडकवून दिला. त्यांनी तो एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, ओठ हलवत.

त्या संध्याकाळी पहिल्या खेपेला ते एक घर उशिरा आले. घाबरले होते. दुसऱ्या खेपेला पट्टीवर पोचल्यावर त्यांनी डोळे मिटले, बोटानं पितळेवर आठ वेळा टिचकी मारली, आणि आत शिरले. जिनिंगच्या पत्र्यांना तो आवाज लागला. शंकरसिंगनं आपलं वाद्य तोंडापासून दूर केलं आणि ऐकत राहिला.

चौदा एप्रिलला मिरवणूक निघाली तेव्हा दिवस कलला होता. नागोरावांना चौकातल्या एका दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसवलं होतं. कौसल्याबाई पाण्याची बाटली घेऊन बाजूला. निळे झेंडे, गुलाल, मागे डीजेची गाडी, आणि पुढे पांढऱ्या कपड्यांत गुलशन बँड. उर्वशी वडिलांजवळ थांबणार होती, पण तिला ते झेपलं नाही. ती बँडच्या बाजूनं गर्दीतून चालत होती, प्रत्येक कागद मनात उलटत. कॉर्नेटनं श्वास घेतला आणि ओळ बदलली. आठ घरं सुरू झाली. ती मोजत गेली आणि सहाव्या घरात तिचा हिशेब गर्दीच्या धक्क्यानं सुटला. तिला पुढचं कळेना. मग युफोनियम आला, आणि आल्यावर तिला समजलं की तो बरोबर जागीच आला आहे.

ती धावत खुर्चीपाशी गेली. नागोरावांचा हात मांडीवर हलत होता. बोटं ठोके मोजत होती की नुसती थरथरत होती, ते सांगता येत नव्हतं.

"शेवटच्या ओळीत ड्रम पुढं पळाले," बँड पुढे निघून गेल्यावर ते म्हणाले.

"हो."

"तिथं घरं जराशीक रुंद कर."

"ड्रमवाला कागद पाहतच नाई, बाबा."

"तरी कर," नागोराव म्हणाले, आणि कौसल्याबाईंनी दिलेलं पाणी ते हळूहळू प्यायले.

परवेज महिनाभर तिच्याशी कामापुरतं बोलला. नंतर वणीच्या एका बँडवाल्याला त्यानंच तिचा नंबर दिला. तो म्हणाला होता, तिची चूक झाली तर ती सांगते.

यंदा पावसाळ्यात, लग्नं थांबल्यावर, वाहिदचाचा एका दुपारी प्रेसमध्ये आले. गुडघ्यांमुळे आता चालत वाजवणं होत नाही, म्हणून त्यांनी बँड सोडला होता. त्यांच्याकडे एक धून होती. वरात मुलीच्या दारातून निघते तेव्हाची, त्यांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलेली. उस्तादांचं नाव आता कोणाला आठवत नाही आणि ती धून गावात त्यांच्याशिवाय कोणाला येत नाही. "तुह्या मशीनमधी टाक," ते म्हणाले. "पन तपासीन मी. तू उठून जाशीन."

ते दर मंगळवारी येतात, बाजाराच्या दिवशी. ते गुणगुणतात, ती भरते. कधी दोन घरं होतात, कधी मागच्या मंगळवारची दोन पुसावी लागतात, कारण त्यांना रस्त्यात आठवतं की तिथं सूर असा नव्हता. आतापर्यंत बावीस घरं झाली आहेत. परवा ते पडद्याजवळ वाकले, तेविसाव्या घराच्या अलीकडे बोट टेकवलं आणि म्हणाले, "इथं तोड. इथं पोरगी मागं वळून पाहते." उर्वशीनं एंटर दाबलं. पुढची ओळ रिकामी उघडली, आणि पुढचा सूर चाचांना आठवेना.